टॉवरवर फिरता अँटेना बसवताना: रोटेटर, मास्ट, बेअरिंग आणि केबलचे सविस्तर काम

रोटेटर, म्हणजे अँटेना हव्या त्या दिशेला वळवणारी मोटार, फिरून फिरून झिजला, असे क्वचितच घडते. त्याचा घात होतो तो आडव्या भाराने, तिरक्या बसलेल्या मास्टने, बारीक गाभ्याच्या केबलने, नाहीतर पाणी निघून जाण्याची खालची भोके कुणीतरी सिलिकॉनने बुजवल्याने. ही सगळी दुखणी बसवण्याच्या दिवशीच आत शिरतात आणि पुढे एखाद्या वादळात बाहेर पडतात. रोटेटरचे काम फक्त फिरवणे आणि फिरवलेल्या जागी धरून ठेवणे. वारा सोसायचे काम मास्ट, बेअरिंग आणि टॉवरचे. ही वाटणी नीट झाली की मध्यम ताकदीचा रोटेटरसुद्धा वर्षानुवर्षे चालतो.

खालची पद्धत जाळीदार त्रिकोणी टॉवर धरून लिहिली आहे: टॉवरच्या माथ्यावर थ्रस्ट बेअरिंग (मास्टला आधार देऊन फिरू देणारे कडे), त्याखाली टॉवरच्या आतल्या प्लेटवर रोटेटर, बेअरिंगमधून खाली येऊन रोटेटरच्या क्लॅम्पमध्ये बसणारा पोलादी मास्ट, म्हणजे उभा पाइप, आणि त्यावर एक किंवा अनेक यागी अँटेना (बूम नावाच्या आडव्या दांड्यावर ओळीने एलिमेंट, म्हणजे नळ्या, बसवलेला एका दिशेचा अँटेना). पाया, ताणतारा आणि टॉवर स्वतः हा भार पेलू शकतो का, हे टॉवरच्या निर्मात्याच्या तक्त्यावरून किंवा स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून आधीच तपासून घ्या. अंदाजाने ठरवायची ही गोष्ट नाही.

आधी वाऱ्याचा हिशेब

अँटेनाच्या माहितीपत्रकात वाऱ्याला सामोरे जाणारे क्षेत्रफळ दिलेले असते. समजा ते १ चौरस मीटर आहे. ताशी १४४ किलोमीटरच्या, म्हणजे सेकंदाला ४० मीटरच्या वाऱ्याचा दाब सुमारे ९८० पास्कल होतो. आकाराचा गुणक १.२ धरला तर अँटेनावर जवळपास १,२०० न्यूटन, म्हणजे सव्वाशे किलो वजनाच्या आसपास आडवी ढकल बसते. हा अँटेना बेअरिंगच्या वर दीड मीटरवर लावला, तर बेअरिंगपाशी मास्टवर १,८०० न्यूटन-मीटरचे वाकवणारे बल येते.

आता हेच बल वेगवेगळ्या पाइपांवर टाकून बघा. ५० मिलिमीटर बाहेरचा व्यास आणि ३ मिलिमीटर जाडीच्या पाइपात ताण ३६५ मेगापास्कलच्या घरात जातो. साधे मऊ पोलाद २५० च्या सुमारास कायमचे वाकते, त्यामुळे हा पाइप पहिल्याच मोठ्या वाऱ्यात केळ्यासारखा होईल. त्याच व्यासात जाडी ५ मिलिमीटर केली तर ताण २५० वर येतो, म्हणजे अगदी काठावर. ६० मिलिमीटर व्यास आणि ५ मिलिमीटर जाडी घेतली की तो १६५ पर्यंत उतरतो आणि थोडी सुटकेची जागा मिळते. खुद्द मास्टवर पडणारा वारा यात धरलेला नाही. तो वेगळा मिळवावा लागतो.

पाण्याच्या नळाचा पाइप मास्ट म्हणून वापरायचा मोह सगळ्यांना होतो. तो पाण्याचा दाब सोसण्यासाठी बनवलेला असतो, वाकण्याचा हिशेब त्यात कुणी केलेला नसतो. छोट्या व्हीएचएफ (जास्त वारंवारितेच्या) अँटेनासाठी ठीक. तीन एलिमेंटच्या एचएफ (कमी वारंवारितेच्या, म्हणून मोठ्या) यागीसाठी ज्या पोलादाची वाकण्याची मर्यादा लेखी मिळते तेच घ्या. क्रोम-मॉली नळ्या महाग असल्या तरी त्याच व्यासात जवळपास दुप्पट ताण सोसतात, आणि रोटेटरच्या क्लॅम्पमध्ये ६० च्या वरचा पाइप मावत नसेल तेव्हा हाच मार्ग उरतो.

या हिशेबातून निघणारा सगळ्यात स्वस्त उपाय मात्र उंचीचा आहे. तोच अँटेना बेअरिंगपासून अर्ध्या मीटरवर आणला तर वाकवणारे बल एकतृतीयांश होते. म्हणून सर्वांत मोठा आणि जड अँटेना सर्वांत खाली, बेअरिंगच्या जितका जवळ बसेल तितका जवळ. हलके व्हीएचएफ-यूएचएफ अँटेना वर.

रोटेटर टॉवरच्या आत किती खाली ठेवायचा, हेही याच गणितातून ठरते. अँटेना बेअरिंगच्या वर दीड मीटर आणि रोटेटर बेअरिंगच्या खाली दीड मीटर असेल तर रोटेटरवर १,२०० न्यूटनचा आडवा भार पडतो. रोटेटर अर्ध्या मीटरवर ठेवला तर तोच भार ३,६०० न्यूटन होतो. दीड ते तीन मीटरचे अंतर म्हणूनच बरे. लांब मास्टचा आणखी एक फायदा असा की तो किंचित पिळला जातो आणि झटके गिअरपर्यंत पोचण्याआधी बोथट होतात.

रोटेटर निवडताना माहितीपत्रकातल्या दोन आकड्यांकडे बघा. बरेच उत्पादक टॉवरच्या आत बसवल्यास एक क्षेत्रफळ आणि थ्रस्ट बेअरिंगशिवाय, खालच्या पाइपवर बसवल्यास दुसरे क्षेत्रफळ देतात. हाय-गेन कंपनीच्या हॅम-४ रोटेटरसाठी हे आकडे १५ आणि ७.५ चौरस फूट आहेत, टी२एक्ससाठी २० आणि १०. नेमके निम्मे. बेअरिंग नसेल तर सगळा वाकवणारा भार रोटेटरच्या अंगावर येतो, म्हणून. क्षेत्रफळाइतकेच महत्त्व वजन आणि लांबीलाही आहे: लांब बूमचा अँटेना वाऱ्यात कमी अडत असला तरी सुरू करताना आणि थांबवताना त्याचे जडत्व गिअरच्या दातांवर येते. हिशेबाने दोन रोटेटरांच्या मध्ये अडकलात तर मोठा घ्या.

जमिनीवर करायचे काम

वर चढून उघडावे लागेल असे काहीही जमिनीवर तपासल्याशिवाय वर नेऊ नका. लागणारे सामान साधारण असे:

- रोटेटर, त्याचा कंट्रोलर आणि खालची प्लेट. प्लेट ६ मिलिमीटर किंवा जाड, जस्तलेपित
- मास्टच्या व्यासाला जुळणारे थ्रस्ट बेअरिंग
- मास्ट: टॉवरच्या आतली लांबी, वरची लांबी आणि वर ३० सेंटिमीटर जास्तीचे
- स्टेनलेस बोल्ट, नायलॉक नट, स्प्रिंग वॉशर, अँटी-सीझ पेस्ट
- कंट्रोल केबल, कोअ‍ॅक्स केबल (अँटेनाचा सिग्नल नेणारी), स्वतःत वितळून चिकटणारी रबर टेप, काळी विनायल टेप, उन्हात न कुजणारे काळे टाय
- मल्टिमीटर, टॉर्क पाना, ओळंबा, स्पिरिट लेव्हल

स्टेनलेस नटात स्टेनलेस बोल्ट कोरडा घट्ट केला तर आटे एकमेकांना चिकटून बसतात आणि पुढे करवतीशिवाय सुटत नाहीत. अँटी-सीझचा पातळ थर पुरतो.

मास्टची दोन्ही टोके घासून कडा मोडा. बेअरिंग आणि क्लॅम्प ज्या जागी येणार तिथे वेल्डची उभी शिवण किंवा जस्ताचे गोळे असतील तर कानसीने सपाट करा आणि उघड्या पडलेल्या जागी झिंकयुक्त रंग लावा. वरचे टोक प्लास्टिकच्या टोपीने बंद करा. खालचे उघडेच राहू द्या, म्हणजे आत साचलेला ओलावा खाली जातो.

यानंतर रोटेटर टेबलावर उभा ठेवून, वर लागणार तीच पूर्ण लांबीची केबल जोडून चालवा. वेटोळे केलेले असले तरी चालेल. एका टोकाच्या थांब्यापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोन वेळा फिरवा आणि पुढच्या गोष्टी टिपा: लागलेला वेळ, दर्शकाचा काटा कुठेही उडी न मारता सरकतो का, दोन्ही टोकांना मोटार आपोआप थांबते का. मग केबल कंट्रोलरपासून सोडवून प्रत्येक जोडीचा रोध मल्टिमीटरने मोजा. स्थान सांगणारा पोटेन्शिओमीटर अनेक रोटेटरांत ५०० ओहमचा असतो. दोन टोकांमध्ये तो स्थिर आणि मधल्या तारेशी फिरत्या दिशेनुसार बदलता दिसला पाहिजे. हा तक्ता कागदावर लिहून कंट्रोलरच्या झाकणाला चिकटवा. दोन वर्षांनी काटा हलेनासा झाला तर दोष केबलमध्ये आहे की वर, हे टॉवरवर न चढता या तक्त्यावरून कळते.

रोटेटर कारखान्यातून कोणत्या टोकावर ठेवून आला आहे तेही आताच पक्के करा आणि बाहेरच्या स्थिर व फिरत्या भागांवर समोरासमोर रंगाची खूण करा. वर गेल्यावर ही खूण लाखमोलाची ठरते.

कंट्रोल केबल: जाडी कुठे लागते

सहा किंवा आठ गाभ्यांच्या केबलमध्ये सगळ्या तारांवर सारखा प्रवाह नसतो. पोटेन्शिओमीटरच्या तारांवर काही मिलिअँपिअर. मोटार आणि ब्रेकच्या तारांवर अँपिअरमध्ये. कंट्रोलरपासून रोटेटरपर्यंत ६० मीटर अंतर धरा. ०.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा जाऊन-येऊन रोध ४.२ ओहम होतो, म्हणजे १ अँपिअरला ४.२ व्होल्ट वाटेतच संपतात. १.५ चौरस मिलिमीटर घेतले तर १.४ व्होल्ट. चोवीस व्होल्टच्या मोटारीला पहिली घट जाणवते, दुसरी सहज खपते.

वेज-ब्रेक (पाचर घालून फिरणे रोखणारा ब्रेक) असलेल्या रोटेटरमध्ये ब्रेकची कॉइल या घटीला सर्वांत आधी बळी पडते. ब्रेक पूर्ण उचलला जात नाही, मोटार जागच्या जागी गुणगुणते आणि माणूस रोटेटर जळाला असे समजून खाली उतरवतो. या दोन तारा सगळ्यांत जाड ठेवा. केबलमध्ये मोकळे गाभे असतील तर दोन-दोन एकत्र जोडा. एसी मोटारीचा स्टार्ट कपॅसिटर कंट्रोलरमधून काढून टॉवरवर, बंद डबीत रोटेटरजवळ हलवला तरी लांब केबलवर मोटारीची ताकद परत येते.

टॉवरवर केबलला जोड शक्यतो देऊ नका. द्यायचाच असेल तर रोटेटरजवळ सुमारे एक मीटरचा लवचीक तुकडा ठेवून तो जलरोधक कनेक्टरने मुख्य केबलला जोडा. रोटेटर उतरवावा लागला तर वर बसून सहा बारीक तारा सुटत्या-लागत्या करण्याचा त्रास वाचतो. कनेक्टरचे तोंड नेहमी खाली.

चढण्याआधी

पूर्ण शरीराचा हार्नेस आणि तो टॉवरला अडकवणारे दोन लॅनयार्ड. दोन अशासाठी की एक सोडून पुढे लावताना दुसरा अडकलेलाच राहिला पाहिजे. एका क्षणासाठीही मोकळे राहायचे नाही. खाली किमान दोन सहकारी, हेल्मेट घातलेले, आणि टॉवरच्या पायापासून लांब उभे. वरून निसटलेला पाना सरळ खाली पडत नाही. जाळीवर आपटून कुठेही उडतो. वर अडकलेल्या किंवा बेशुद्ध झालेल्या माणसाला खाली कसे आणायचे, हे चढण्याआधी ठरलेले हवे. हार्नेसमध्ये निश्चल लटकणे काही मिनिटांतच धोक्याचे होते.

टॉवर, मास्ट आणि अँटेना मिळून जी उंची होते तिच्या दीडपट अंतरात विजेची उघडी तार नको. ती असेल तर जागाच चुकली आहे. वर-खाली सरकणाऱ्या टॉवरवर तो वर काढलेला असताना चढू नका. आतला दोर तुटला तर भाग कात्रीसारखे एकमेकांत घसरतात. आणि वर कुणी असताना, पुढे सांगितलेली अक्षाची जुळवणी एवढा अपवाद सोडून, कंट्रोलरचा प्लग काढलेला, फ्यूज चढणाऱ्याच्या खिशात. नुसते सांगून ठेवलेले पुरत नाही.

टॉवर आधी ओळंब्यात आहे का बघा. ताणतारा असतील तर त्यांचा सुरुवातीचा ताण साधारण तुटण्याच्या क्षमतेच्या १० टक्के असतो. टर्नबकलमधून सुरक्षा तार ओवलेली आहे ना, आणि तारेच्या क्लिपांचे खोगीर भाराच्या बाजूला, यू-बोल्ट मेलेल्या टोकाच्या बाजूला आहे ना, हे एकदा हाताने तपासा. उलट्या लावलेल्या क्लिपा भाराची तार चेपून कमकुवत करतात.

वर बसवण्याचा क्रम

१. माथ्यावर थ्रस्ट बेअरिंग बसवा, पण त्याचे बोल्ट फक्त हाताने घट्ट करा. खाली रोटेटरची प्लेट योग्य उंचीवर लावा आणि लेव्हलने दोन दिशांनी आडवी आहे का तपासा. प्लेट १ अंशाने जरी कलली तरी दीड मीटरवर मास्ट २६ मिलिमीटर बाजूला जातो.

२. मास्ट वर घ्या. ६० मिलिमीटर व्यास आणि ५ मिलिमीटर जाडीचा सहा मीटर पाइप ४१ किलोच्या आसपास भरतो, म्हणजे एका माणसाने हाताने ओढायचे हे काम नाही. टॉवरच्या माथ्याजवळ त्याच्या एका पायाला, म्हणजे उभ्या नळीला, जिन पोल (पुली असलेला तात्पुरता उचल-खांब) बांधून त्याची वरची पुली मास्टच्या निम्म्या लांबीपेक्षा उंच ठेवा आणि दोर खालच्या पुलीवरून आडवा वळवा. ध्यानात असू द्या, वरच्या पुलीवर ओझ्याच्या जवळपास दुप्पट भार येतो, कारण ओढणाऱ्याचा दोरही तिथूनच खाली जातो. मास्ट मध्याच्या थोडा वर बांधा, म्हणजे तो उभा राहील.

३. मास्ट वरून बेअरिंगमधून आत सोडा आणि टॉवरच्या आत जितका खाली जाईल तितका जाऊ द्या. रोटेटर अजून वर आणायचा नाही. त्याची प्लेट मधे आडवी येत असेल तर ती बाजूला करून ठेवा. मास्ट खाली घसरू नये म्हणून बेअरिंगच्या वर आणि खाली एकेक सुरक्षा क्लॅम्प लावा. बेअरिंगच्या तीन स्क्रूंवर सगळे वजन टांगून ठेवू नका.

४. आता सर्वांत वरचा अँटेना मास्टच्या टोकाला लावा. टॉवरच्या माथ्यावर उभे राहून तो छातीच्या उंचीवर मिळतो. मग साखळी-कप्पीने मास्ट ठरलेल्या अंतराइतका वर उचला, पुढचा अँटेना लावा, पुन्हा उचला. मास्ट आधी पूर्ण उभा करून त्यावर चढून वरचा अँटेना लावण्याचा प्रकार करूच नका. मास्ट चढण्यासाठी नसतो.

मोठी यागी ताणतारांमधून वर काढणे हे यातले सर्वांत किचकट काम. टॉवरच्या माथ्यापासून दूर जमिनीत ठोकलेल्या खुंटापर्यंत ताणलेल्या तिरक्या दोरावरून अँटेना सरकत नेला तर तारा चुकवता येतात. एलिमेंटच्या टोकांना दोन बारीक दोऱ्या बांधून खालून दिशा द्या. वारा वाहत असेल तर दुसरा दिवस निवडा. चार-पाच मीटर लांबीचा बूम हातात असताना हलकी झुळूकही माणसाला ढकलते.

५. सगळे अँटेना लागले आणि मास्ट अखेरच्या उंचीवर आला की प्लेट जागेवर आणून रोटेटर तिच्यावर ठेवा आणि मास्ट हळूच त्याच्या क्लॅम्पमध्ये बसू द्या.

सरळ रेषेत आणणे

सगळ्या कामातली निम्मी गुणवत्ता इथे ठरते. रोटेटरचा फिरण्याचा अक्ष, मास्टचा अक्ष आणि बेअरिंगचे केंद्र एका उभ्या रेषेत आले नाही तर प्रत्येक फेऱ्यात मास्ट बेअरिंगला एका बाजूने दाबतो. रोटेटर काही दिशांना सहज आणि काही दिशांना कण्हत फिरतो.

क्लॅम्प कसा आहे ते आधी बघा. काही क्लॅम्पचे दोन्ही जबडे सारखे सरकतात, त्यामुळे पाइप आपोआप मध्यावर येतो. काहींची एक बाजू स्थिर असते आणि ती ठरावीक व्यासासाठीच बेतलेली असते. हॅम-४ मध्ये तो सुमारे ५२ मिलिमीटर आहे. त्याहून बारीक पाइप असेल तर स्थिर बाजूला फरकाच्या निम्म्या जाडीची स्टेनलेस पट्टी पॅकिंग म्हणून द्यावी लागते. ५० च्या पाइपला १ मिलिमीटर.

क्रम असा: प्लेटवरचे रोटेटरचे बोल्ट ढिले, बेअरिंगचे बोल्ट ढिले, क्लॅम्प मात्र पूर्ण घट्ट. आता कंट्रोलरला पुरवठा देऊन रोटेटर संथपणे पूर्ण फिरवा. हात आणि लॅनयार्ड फिरत्या भागांपासून दूर, खालच्या सहकाऱ्याशी रेडिओवर सतत बोलणे चालू. फिरताना रोटेटर प्लेटवर आणि बेअरिंग माथ्यावर आपापली जागा शोधतात. एक चतुर्थांश फेऱ्यावर थांबा, बोल्ट थोडे आवळा, पुन्हा फिरवा. चारही दिशांना मास्ट आणि बेअरिंगच्या कड्यातली फट सारखी दिसली की पुरवठा पुन्हा तोडून बोल्ट अखेरच्या टॉर्कला आणा. उत्पादकाचा आकडा असेल तर तोच; नसेल तर एम-८ च्या स्टेनलेस बोल्टला १६ न्यूटन-मीटरच्या आसपास. क्लॅम्प ओतीव ॲल्युमिनिअमचा असतो आणि जोर लावणाऱ्याला तो एका कडक आवाजाने उत्तर देतो. बोल्ट समोरासमोरच्या जोडीने, पाळीपाळीने घट्ट करा.

उभे वजन कुणी पेलायचे, यावर मतभेद आहेत. आमचे मत: रोटेटरची उभ्या भाराची मर्यादा ओलांडली जात नसेल तर वजन रोटेटरवरच येऊ द्या. त्याच्या बॉल बेअरिंगना थोडा दाब हवाच असतो, आणि थ्रस्ट बेअरिंगने आडवा भार सांभाळला की पुरे. बेअरिंगचे स्क्रू मास्टला जेमतेम टेकवा आणि लॉकनट लावा. रोटेटर दुरुस्तीला काढायचा असेल तेव्हा हेच स्क्रू आणि एक सुरक्षा क्लॅम्प मिळून मास्ट तात्पुरता धरतात. या सोयीसाठी काहीजण टॉवरच्या आत दुसरे बेअरिंगही लावतात. कल्पना चांगली आहे, पण तीन आधार एका रेषेत आणणे दोन आधारांपेक्षा फारच अवघड. मधल्या बेअरिंगचे स्क्रू नेहमीच्या वापरात मास्टला न टेकवता ठेवा.

मास्ट आणि क्लॅम्पमधून आरपार बोल्ट घालावा का? मोठ्या, मजबूत गिअरच्या रोटेटरला घाला, नाहीतर वाऱ्यात मास्ट घसरून दिशा दर वेळी बदलते. लहान रोटेटरला घालू नका. तिथे मास्टचे दहा अंश घसरणे हा फ्यूज समजावा. दिशा पुन्हा जुळवता येते, तुटलेले दात नाही.

कोअ‍ॅक्सचा झोल

मास्टबरोबर फिरणारा भाग आणि टॉवरला बांधलेला भाग यांच्यामध्ये केबलला झोल हवा. खालून कितीही भारी, कडक केबल आणा. झोलासाठी बहुतारी मधला गाभा असलेली लवचीक केबलच हवी. आरजी-२१३ चालते. एकेरी भरीव गाभ्याची फोम केबल काही हजार वळणांत आतून तुटते किंवा गाभा एका बाजूला सरकून ताकद परत फेकू लागतो, आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

केबल मास्टला बेअरिंगच्या ३० सेंटिमीटर वर बांधा, तिथून ४५ ते ६० सेंटिमीटर व्यासाचे सैल वळण घेऊन तिथेच टॉवरच्या उभ्या पायाला बांधा. ४५० अंश फिरणाऱ्या रोटेटरला दीड ते दोन मीटर केबल यात जाते. झोल ज्या दिशेला दोन्ही बाजूंनी सारखा राहतो ती दिशा म्हणजे फिरण्याच्या पल्ल्याचा मध्य, उत्तर नव्हे. ४५० अंशांच्या रोटेटरचा डावा थांबा दक्षिणेला असेल तर मध्य त्यापासून २२५ अंशांवर, म्हणजे ईशान्येला ४५ अंशांवर येतो. थांबा उत्तरेला असेल तर मध्य नैर्ऋत्येला. रोटेटर तिथे नेऊन मगच केबल बांधा. उत्तरेला ठेवून बांधलेला झोल एका टोकाला हमखास ताणला जातो.

दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहा: झोल बोल्टच्या टोकाला, क्लॅम्पच्या कानाला किंवा पायरीला अडकत नाही ना. बाहेर आलेल्या बोल्टवर प्लास्टिकच्या टोप्या घाला. वळणाचा सर्वांत खालचा बिंदू कनेक्टरच्या खाली राहिला पाहिजे, म्हणजे पाणी तिथून ठिबकते.

दिशा जुळवणे

कंट्रोलरची जुळवणी आधी, दिशा नंतर. रोटेटर डाव्या थांब्याला नेऊन काटा शून्य खुणेवर आणा, मग उजव्या थांब्याला नेऊन पूर्ण पल्ल्याची जुळवणी करा, आणि परत डावीकडे जाऊन तपासा; एकीचा परिणाम दुसरीवर होतो.

लोखंडी टॉवरजवळ होकायंत्र खोटे बोलते. शिवाय ते चुंबकीय उत्तर दाखवते, खऱ्या उत्तरेशी त्याचा फरक ठिकाणानुसार बदलतो. जास्त भरवशाची रीत अशी: उपग्रह नकाशावर टॉवरपासून दूर दिसणारी एक ठळक खूण निवडा आणि तिची दिशा अंशांत मोजा. सहकाऱ्याला त्याच रेषेत पन्नासेक मीटरवर उभे करा. अँटेना नेमका त्याच्याकडे वळला की बूम त्याला टोकाकडून, जवळपास एका बिंदूसारखा दिसतो आणि एलिमेंट एकामागे एक मध्यावर येतात. तेवढ्यावर कंट्रोलरवरचा अंश आणि नकाशावरचा अंश जुळेपर्यंत बूम-मास्ट क्लॅम्प ढिला करून अँटेना सरकवा. उत्तर गोलार्धात निरभ्र रात्री ध्रुवताराही चालतो. तो खऱ्या उत्तरेच्या पाऊण अंशाच्या आत असतो.

किती अचूक? तीन एलिमेंटच्या एचएफ यागीचा झोत साठ अंशांहून रुंद असतो, तिथे पाच अंशांच्या चुकीने ऐकणाऱ्याला काही फरक कळत नाही. लांब बूमच्या यूएचएफ अँटेनाला मात्र ती चूक लगेच जाणवते. एकाच मास्टवरचे सगळे अँटेना एकमेकांशी समांतर आहेत का, हे खालून बघण्यात वेळ घालवणे जास्त फायद्याचे.

विजेपासून आणि स्वतःच्या प्रक्षेपणापासून

टॉवरचा प्रत्येक पाय वेगळ्या भूमी-दांडीला, आणि सगळ्या दांड्या एकमेकींना व घराच्या अर्थिंगला जोडलेल्या हव्यात. जस्तलेपित पायाला उघडे तांबे थेट लावले तर ओलाव्यात जस्त खाल्ले जाते. मध्ये स्टेनलेस क्लॅम्प किंवा कथिल लावलेली तार घ्या. कोअ‍ॅक्सइतकीच कंट्रोल केबलही विजेला घरात आणते. तिच्या प्रत्येक तारेवर, केबल घरात शिरते तिथे, अर्थला जोडलेला व्हॅरिस्टर (जादा व्होल्टेज अर्थकडे वळवणारा घटक) लावा. तारेवर २६ व्होल्ट एसी असेल तर त्याचे शिखर ३७ व्होल्ट असते, म्हणून ४० व्होल्ट एसी किंवा वरच्या दर्जाचा.

प्रक्षेपण चालू केले की काटा थरथरतो, असे दिसले तर रेडिओ लहरी केबलवरून आत येत आहेत. पोटेन्शिओमीटरच्या तारांवर ०.०१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर अर्थला, आणि कंट्रोलरजवळ केबलचे पाच-सहा फेरे फेराइट कड्यातून. बहुतेक वेळा एवढ्याने शांत होते.

चालवताना आणि बिघडल्यावर

वेज-ब्रेकचा रोटेटर थांबवताना आधी मोटारीचे बटण सोडा, अँटेना स्वतःहून स्थिरावू द्या, तीन ते पाच सेकंदांनी ब्रेकचे बटण सोडा. फिरत्या अँटेनावर ब्रेक आदळला तर संपूर्ण जडत्व एका पाचरीवर येते. ब्रेक वाऱ्याच्या दाबाने अडकून बसला असेल तर क्षणभर उलट दिशेला चालवा. दाब सुटतो आणि पाचर उचलली जाते.

काटा फिरतो आणि अँटेना नाही: मास्ट क्लॅम्पमध्ये घसरतो आहे. अँटेना फिरतो आणि काटा नाही: पोटेन्शिओमीटर किंवा त्याची तार. एकाच दिशेला फिरतो: त्या दिशेची तार किंवा मर्यादा-स्विच. थंडीत मंद आणि उन्हात ठीक: ग्रीस घट्ट झाले आहे. ठरावीक दिशेलाच जड जातो: अक्ष जुळलेला नाही, प्लेटचे बोल्ट पुन्हा ढिले करून जुळवणी नव्याने करा. ओल्या दिवसांतच चुकीचा अंश दाखवतो: कनेक्टरमध्ये पाणी. यातल्या प्रत्येक वेळी वर चढण्याआधी कंट्रोलरच्या झाकणावरचा रोधाचा तक्ता आणि मल्टिमीटर घ्या.

पहिल्या महिन्यानंतर सगळे बोल्ट एकदा तपासा. नवे पाइप आणि क्लॅम्प एकमेकांत बसल्यावर ते थोडे सैल होतात. त्यानंतर वर्षातून एकदा आणि प्रत्येक मोठ्या वादळानंतर: बेअरिंगचे लॉकनट, झोलावरचे घासल्याचे डाग, टाय, रबर टेप, आणि रोटेटरच्या तळाची पाणी निघण्याची भोके उघडी आहेत की नाहीत.